दुसऱ्यांचा रक्तदाब मोजणाऱ्या सिस्टरचा रक्तदाब कोण मोजणार?

जयंतीच्या आठवड्यात आमच्या वस्तीतील विहारात आम्ही आरोग्य तपासणी शिबिर घेतले होते. आम्ही म्हणजे वस्तीत काम करणारे चार-पाच सामाजिक कार्यकर्ते. तपासणीच्या टेबलावर बसायला वस्तीतलीच एक सिस्टर आनंदाने तयार झाली. रात्रपाळी संपवून ती सकाळी साडेआठला घरी आली, आंघोळ केली, मुलाचा डबा भरला आणि दहा वाजता विहारात हजर झाली. दुपारपर्यंत तिने कितीतरी आजी-आजोबांचे रक्तदाब मोजले, बोटाला सुई टोचून साखर तपासली, गोळ्या चुकवणाऱ्यांना प्रेमाने दटावलेही.

शेवटी साखर तपासण्याच्या काही पट्ट्या उरल्या. आमच्यातील एकीने सहज म्हटले, "ताई, आता तुमचीही बघू या." ती हसून टाळू लागली. "राहू द्या हो, मला माहीत आहे सगळं." फारच आग्रह झाला तेव्हा तिने हात पुढे केला. यंत्रावरचा आकडा दोनशेच्या वर होता. रक्तदाबही वाढलेला होता. वय सदतीस.

आम्ही नोंदवहीत नाव लिहायला घेतले, तर तिने वहीवर हात ठेवला. "माझं नाव नका लिहू. अकरा महिन्यांचा करार आहे. सिस्टरच आजारी आहे म्हटल्यावर पुढच्या वेळी कोण ठेवणार?"

त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. आजाराची सगळी माहिती असलेली, रोज रुग्णांना पथ्य सांगणारी बाई स्वतःची तपासणी का टाळते? आणि नोकरीतील दमछाक, जिला आज सर्रास 'बर्नआऊट' म्हटले जाते, तिचा साखर, रक्तदाब, वजन यांच्याशी खरोखर काही संबंध आहे का? आपल्या समाजातील अनेक मुली एएनएम, जीएनएम, बीएस्सी नर्सिंग करून या पेशात येत आहेत. घरातील पहिला पगार त्यांचाच, अशीही कितीतरी घरे आहेत. म्हणून हा विषय समजून घेणे आम्हाला गरजेचे वाटते.

बर्नआऊट म्हणजे नुसता थकवा नव्हे

दिवसभर काम करून दमणे हे स्वाभाविक आहे. रात्री झोप झाली, एखादी सुट्टी मिळाली की तो थकवा जातो. बर्नआऊट मात्र सुट्टीने जात नाही.

हा शब्द १९७४ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी वैद्यकीय लेखनात आणला. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तो मोजण्याची प्रश्नावली तयार केली. त्यांनी बर्नआऊटची तीन अंगे सांगितली. पहिले, भावनिक रितेपण: द्यायला आत काहीच उरले नाही असे वाटणे. दुसरे, माणसांविषयी कोरडेपणा: समोरचा रुग्ण माणूस न राहता 'सात नंबरचा बेड' होणे. तिसरे, आपण करतो त्या कामाला काही अर्थ नाही, आपल्याला ते नीट जमतही नाही, अशी भावना.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआऊटची व्याख्या दिली आहे. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे निर्माण होणारी अवस्था, अशी ती व्याख्या आहे. संघटनेने त्याला 'आजार' म्हटलेले नाही. 'कामाशी संबंधित घटना' म्हटले आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. आजार म्हटले की दोष व्यक्तीच्या शरीरात किंवा मनात शोधला जातो. कामाशी संबंधित म्हटले की कामाकडे बोट जाते.

परिचारिकांच्या कामात आणखी एक गोष्ट असते. समाजशास्त्र शिकताना आम्ही 'भावनिक श्रम' ही संकल्पना वाचली होती. आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातील सेविकांचा अभ्यास करून १९८३ मध्ये ती मांडली. आत काहीही चालू असो, चेहऱ्यावर ठरावीक भाव ठेवणे हाही नोकरीचाच भाग असतो, आणि त्यालाही श्रम लागतात. रुग्णाने डोळ्यांसमोर प्राण सोडला की दहा मिनिटांत शेजारच्या बेडवरील रुग्णाशी हसून बोलायचे, नातेवाइकांची शिवी गिळायची, आणि डॉक्टरांच्या राउंडला सगळे कागद तयार ठेवायचे. या श्रमाची नोंद कोणत्याही ड्युटी चार्टवर होत नाही.

चयापचय आणि पाच आकडे

चयापचय म्हणजे खाल्लेल्या अन्नाचे शरीराने ऊर्जेत रूपांतर करणे, गरजेइतकी वापरणे आणि उरलेली साठवणे. ही व्यवस्था बिघडू लागली की एकदम मोठा आजार होत नाही. आधी काही आकडे हळूहळू सरकतात. डॉक्टर त्यासाठी पाच गोष्टी पाहतात. भारतीय स्त्रियांसाठी त्या अशा आहेत:

१. कमरेचा घेर ८० सेंटिमीटर किंवा अधिक.
२. उपाशीपोटी रक्तातील साखर १०० किंवा अधिक.
३. रक्तदाब वरचा १३० किंवा खालचा ८५, अथवा त्याहून अधिक.
४. ट्रायग्लिसराइड ही रक्तातील चरबी १५० किंवा अधिक.
५. एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल, ५० पेक्षा कमी.

यांतील कोणत्याही तीन गोष्टी आढळल्या की त्याला 'मेटाबॉलिक सिंड्रोम' म्हणतात. पुढे मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात होण्याची शक्यता त्यामुळे बरीच वाढते. पुरुषांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि एचडीएलची ४० आहे. बाकी आकडे तेच.

ही काही मोजक्या लोकांची गोष्ट राहिलेली नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

मनाचा ताण साखरेपर्यंत कसा पोहोचतो?

"टेन्शनने शुगर वाढते" असे आपण घरोघरी ऐकतो. यात तथ्य आहे, पण ते कसे घडते हे समजून घेतले पाहिजे.

संकट आले की शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागते. मूत्रपिंडावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात येतात. कॉर्टिसॉल यकृताला सांगते, साठवलेली साखर बाहेर काढ, आता लागणार आहे. त्याच वेळी ते इन्सुलिनचे काम मंद करते, म्हणजे साखर रक्तातच राहते. वाघ समोर असताना ही सोय उत्तम आहे. माणूस धावतो, साखर वापरली जाते, धोका टळतो, सगळे पूर्ववत होते.

वॉर्डात मात्र वाघ पाळी संपेपर्यंत जात नाही. चाळीस रुग्णांमागे दोन सिस्टर, वाजणारा मॉनिटर, संपलेले सलाईन, अपुऱ्या चादरी आणि "सिस्टर, लवकर या" ही हाक. संकेत रोज, महिनोन्महिने मिळत राहतो. इन्सुलिनला पेशी दाद देईनाशा होतात आणि स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्सुलिन तयार करावे लागते. चरबी पोटाच्या आत, अवयवांभोवती साठू लागते. ही आतली चरबी दंडावरच्या किंवा मांडीवरच्या चरबीपेक्षा अधिक घातक असते.

दुसरा मार्ग झोपेचा. १९९९ मध्ये शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. एवढ्यानेच त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता स्पष्टपणे खालावली. सहा रात्रींचा हा परिणाम असेल, तर पंधरा वर्षांच्या तुटक झोपेचा काय असेल याचा विचार करावा.

तिसरा मार्ग शरीरातील घड्याळाचा. आपल्या पेशींमध्ये दिवस-रात्रीचे घड्याळ असते. ते कसे चालते हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. या घड्याळानुसार रात्री शरीर अन्न पचवण्याच्या नव्हे, विश्रांतीच्या तयारीत असते. तोच भात, तीच पोळी दुपारी खाल्ली तर साखर जेवढी वाढते त्यापेक्षा मध्यरात्री खाल्ल्यावर जास्त वाढते. रात्रपाळीत अडीच वाजता चहा-बिस्किटे, फरसाण, वडापाव यांवर वेळ निघते. दमलेल्या शरीराला गोड आणि तळलेलेच हवेसे वाटते. अपुऱ्या झोपेने भूक वाढवणारी संप्रेरके वाढतात हेही त्यामागचे एक कारण आहे.

चौथा मार्ग अगदी साधा. रिती झालेली बाई स्वतःसाठी काही करत नाही. चालायला जाणे, ताजी भाजी आणून शिजवणे, गोळी वेळेवर घेणे, तपासणी करून घेणे, या सगळ्यासाठी मनाचा थोडा तरी ऐवज शिल्लक लागतो. बर्नआऊटने नेमका तोच संपलेला असतो. "मला माहीत आहे सगळं" म्हणणाऱ्या आमच्या ताईला माहिती कमी नव्हती. त्या माहितीचा उपयोग करण्याइतकी ताकद उरली नव्हती.

संशोधन काय सांगते, आणि काय सांगत नाही

अमेरिकेत १९७६ साली परिचारिकांच्या आरोग्याचा एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. त्यात १ लाख २१ हजारांहून अधिक परिचारिका सहभागी झाल्या. १९८९ मध्ये त्याचा दुसरा टप्पा सुरू झाला. या दोन्ही टप्प्यांतील माहितीवरून २०११ मध्ये असे दिसले की, फिरती रात्रपाळी जितकी वर्षे अधिक, तितका टाइप टू मधुमेहाचा धोका अधिक. कधीच अशी पाळी न केलेल्यांच्या तुलनेत ३ ते ९ वर्षे केलेल्यांमध्ये धोका सुमारे २० टक्के जास्त, १० ते १९ वर्षे केलेल्यांमध्ये ४० टक्के जास्त आणि २० वर्षांहून अधिक केलेल्यांमध्ये ५८ टक्के जास्त आढळला. वाढलेले वजन हिशेबात धरल्यावर हे आकडे खाली आले, पण शून्य झाले नाहीत. २० वर्षांच्या गटात २४ टक्के वाढ तरीही उरली. म्हणजे रात्रपाळीचा बराचसा परिणाम वजनाच्या वाटेने होतो, पण सगळा नाही.

हा अभ्यास रात्रपाळीचा आहे. थेट बर्नआऊटविषयी इस्रायलमधील एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ६७७ निरोगी नोकरदारांचा तीन ते पाच वर्षे मागोवा घेतला, तेव्हा बर्नआऊट अधिक असलेल्यांमध्ये मधुमेह होण्याची शक्यता जवळपास पावणेदोन पटींहून जास्त निघाली. मात्र त्या काळात मधुमेह झालेल्यांची संख्या फारच लहान होती, आणि सहभागी सर्व पेशांतील होते. म्हणून यावरून सरसकट निष्कर्ष काढणे बरोबर नाही. बर्नआऊट आणि चयापचय यांवरील बहुतेक अभ्यास एकाच वेळी दोन्ही मोजतात. आधी काय आणि नंतर काय हे त्यातून ठरत नाही. नातेही दुतर्फा आहे. ताणाने साखर बिघडते, तशी बिघडलेल्या साखरेने माणूस सतत थकलेला राहतो, चिडतो, कामात लक्ष लागत नाही.

या दमछाकीचे मूळ कुठे आहे, याचे उत्तर मात्र बरेच स्पष्ट आहे. २००२ मध्ये लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तिला बर्नआऊट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढत होती. त्याच वेळी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. सिस्टरची दमछाक आणि रुग्णाचा जीव या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

आपल्या मुलींचा धोका अधिक का?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९० च्या दशकात गर्भवती माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या गावांतील बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. बाळे लहान होती, स्नायू कमी होते, पण चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीदार, अशी ही भारतीय शरीराची ठेवण. आईच्या पोटात असताना झालेली उपासमार पुढे मोठेपणी मधुमेहाच्या रूपाने उभी राहू शकते, हे या कामाने जगापुढे आणले.

याचा अर्थ आपल्याला कळायला हवा. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहून शेतावर राबत बाळंतपणे काढली, त्यांच्या नाती आज रात्रपाळी करत आहेत. दारिद्र्याचा हिशेब एका पिढीच्या पगाराने मिटत नाही. तो शरीरात उरतो. त्यामुळे "मी तर बारीक आहे, मला कशाला शुगर होते?" हे म्हणणे धोक्याचे आहे. वजनकाट्यापेक्षा कमरेची टेप अधिक खरे सांगते.

त्यावर घरची दुसरी पाळी. नाइट करून आलेल्या पुरुषाला घरात "झोपू द्या त्याला" म्हणतात. नाइट करून आलेल्या बाईची वाट ओट्यावरची भांडी पाहत असतात. आमच्या ताईने सांगितले, "नाइट-ऑफच्या दिवशी मी झोपत नाही हो. त्या दिवशी आठवड्याची धुणी असतात."

आणि तिसरी गोष्ट कराराची. कायम नोकरीतील परिचारिका निदान आजारपणाची रजा मागू शकते. अकरा महिन्यांच्या करारावर किंवा छोट्या खासगी नर्सिंग होममध्ये काम करणारी बाई आजार लपवते. लपवलेला आजार वाढतो. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये समिती नेमण्यास सांगितले होते. त्या समितीने पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २० हजार रुपये वेतन असावे, अशी शिफारस केली. आमच्या ओळखीच्या कितीतरी मुली आजही याच्या निम्म्यावर काम करतात आणि पगार पुरत नाही म्हणून दुसरीकडे डबल ड्युटी करतात.

त्यागाचे कौतुक पुरे

सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ हडपसर परिसरात मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका अस्पृश्य कुटुंबातील आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले असे सांगतात. त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्यांना कोणी हात लावायला तयार नव्हते त्यांना त्यांनी उचलले. या वारशाचा आपल्याला अभिमान आहे आणि असायलाच हवा.

पण एक सावधगिरी बाळगली पाहिजे. सावित्रीबाईंनी साथीच्या संकटात स्वतः निवडलेला मार्ग आणि रुग्णालयाने जागा न भरल्यामुळे एखाद्या सिस्टरवर लादलेली छत्तीस तासांची ड्युटी, या एकच गोष्टी नाहीत. मार्च २०२० मध्ये देशाने थाळ्या वाजवल्या. परिचारिकांना देवदूत म्हटले गेले. देवदूताला भूक, झोप, मासिक पाळी, पगार काही नसते. म्हणून ही पदवी देणाऱ्याला स्वस्त पडते.

बाबासाहेबांनी या प्रश्नाकडे वेगळ्या दृष्टीने पाहायला शिकवले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. कामगाराच्या थकव्यावर सहानुभूतीचे भाषण नव्हे, तर कायद्याने ठरवलेले तास, हे त्यामागचे सूत्र होते. रुग्णालयांना कारखान्यांचा तो कायदा लागू होत नाही, पण सूत्र तर लागू होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७७ मध्येच परिचारिकांसाठी स्वतंत्र करार केला. त्यासोबतच्या शिफारशीत दिवसाचे आठ तास, दोन पाळ्यांमध्ये किमान बारा तासांची विश्रांती आणि आठवड्यात किमान छत्तीस तासांची सलग सुट्टी सुचवली आहे. भारताने तो करार अद्याप स्वीकारलेला नाही.

काय करता येईल?

आधी सिस्टर ताईंसाठी. थकवा दिसला की तो बर्नआऊटच आहे असे मानून बसू नका. रक्तक्षय, थायरॉइड आणि मधुमेह या तिन्ही गोष्टी असाच थकवा देतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. म्हणून वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, थायरॉइड, उपाशीपोटी साखर किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी, चरबीची तपासणी, रक्तदाब आणि कमरेचा घेर एवढे करून घ्या. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असेल तर ती मधुमेहाची पूर्वसूचना आहे आणि परत फिरण्याची संधीही, ६.५ किंवा अधिक असेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. वयाच्या तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रांत साखर आणि रक्तदाबाची तपासणी मोफत होते.

रात्रपाळीत जेवण पाळी सुरू होण्यापूर्वी किंवा सुरुवातीलाच घ्या. मध्यरात्रीनंतर लागलीच भूक तर मूठभर शेंगदाणे, फुटाणे, उकडलेले अंडे, ताक असे हलके खा. अमेरिकेत १९ निरोगी लोकांवर केलेल्या २०२१ च्या एका प्रयोगात असे दिसले की, रात्री जागूनही ज्यांनी फक्त दिवसा खाल्ले त्यांची साखर वाढली नाही. रात्री खाणाऱ्यांची सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. प्रयोग लहान आहे, पण उपाय फुकट आहे. आधीच मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला; नाहीतर साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो.

घरच्यांसाठी एकच सांगणे आहे. नाइट करून आलेल्या बाईची झोप ही घराची जबाबदारी आहे. खिडकीला जाड पडदा, फोन दुसऱ्या खोलीत, आणि सकाळी नऊ ते दुपारी तीन तिला कोणी हाक मारायची नाही. चहा आणि भांडी नवऱ्याला, मुलांना जमतात.

रुग्णालयांसाठी. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिकाऊ विद्यार्थी असलेल्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. शिवाय रजेवर जाणाऱ्यांसाठी ३० टक्के जादा जागा हव्यात. या जागा भरणे हाच बर्नआऊटवरचा पहिला उपाय आहे. ताणमुक्तीची शिबिरे, ध्यानाचे वर्ग यांचा लाभ होतो. पण एका बाईवर वीस रुग्णांचा भार ठेवून तिला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगणे ही चेष्टा आहे. ड्युटी चार्ट महिनाभर आधी लावणे, नाइट संपवून लगेच दुपारची पाळी न देणे, रात्री गरम जेवण आणि बसायला जागा देणे, यांना फार पैसे लागत नाहीत. आणि आजार नोंदवला म्हणून कोणाचा करार थांबणार नाही, हे लेखी द्यायला तर काहीच लागत नाही.

समाज म्हणून आपणही काही करू शकतो. विहारांत, महिला मंडळांत शिबिरे होतात तेव्हा तपासणाऱ्यांचीही तपासणी करण्याचा नियम करू या. वस्तीतील सिस्टर, आशा ताई, रुग्णालयातील मावशी यांना महिन्यातून एकदा एकत्र बसायला विहाराची जागा देऊ या. एकटी बाई मेट्रनसमोर बोलू शकत नाही. दहा जणी अर्ज देऊ शकतात.

वहीतले नाव

त्या शिबिरानंतर आमची ताई तीन आठवडे कुठेच गेली नाही. मग एके दिवशी आमच्यातील एक जण तिच्यासोबत सरकारी दवाखान्यात गेली. मधुमेह असल्याचे निश्चित झाले. गोळ्या सुरू झाल्या. आता ती रात्रीचा डबा साडेसातला, ड्युटीवर जाण्यापूर्वी खाते. रविवारची धुणी तिचा नवरा लावतो. पहिले काही रविवार शेजाऱ्यांनी टोमणे मारले, आता सवय झाली. तिच्या वॉर्डातील सात जणींनी मिळून नाइटनंतर लगेच दुपारची पाळी नको, असा अर्ज दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही. करार पुढच्या महिन्यात संपतो.

परवा ती विहारात आली आणि स्वतःहून म्हणाली, "पुढच्या शिबिरात पहिलं नाव माझं लिहा." आम्ही वहीचे नवे पान काढले.